आधी खोच काढा

(चिपळूण येथे चित्रकलेचे विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय ‘चित्रकारांसाठी फॅशन आणि डिझाइन’. अंगाचं प्रमाण, कापडाच्या चुण्या आणि कापडाचा पोत, या तिन्हींवर मी बोलणार आहे. पण त्याआधी एक शब्द मांडते, कारण कित्येक वर्षं तो माझ्या डोक्यात घोळतोय. शब्द आहे खोच, म्हणजे कापड आत खोचून धरलेलं ठिकाण.

पदर खोचून कामाला लागणं आपण रोज म्हणतो. म्हणताना डोळ्यांपुढे काही येतं का? आत येताना व्हरांड्यातलं तुमचं प्रदर्शन पाहिलं. चेहरे सुरेख आहेत. एकीनं म्हाताऱ्या माणसाची बोटं अशी काढलीत की मी पुन्हा मागे वळून पाहिली. पण कपडे दोरीवर वाळत घातल्यासारखे लोंबतात. अंगावरचं कापड कुठेतरी धरलेलं असतं, गाठीनं, गुंडीनं, पट्ट्यानं नाहीतर खोचून. ते ठिकाण सापडलं की चुणी कुठून निघते, कुठे जाते आणि कुठे विरते, हे आपोआप कळतं.

नऊवारीच बघा. नऊ वार म्हणजे आठ मीटरहून थोडं जास्त कापड. त्यात ना नाडी ना हूक. कमरेला एक गाठ, पुढे निऱ्या खोचलेल्या, आणि त्याच निऱ्यांचा खालचा भाग दोन पायांमधून मागे नेऊन खोचलेला कासोटा. एक गाठ आणि दोन खोचा. एवढ्यावर बाई दिवसभर वाकते, बसते, डोक्यावर पाटी घेऊन चालते, आणि ते सुटत नाही. यापेक्षा चांगलं डिझाइन मला कुणी दाखवावं.

हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. मी शिकले हर्णैच्या बंदरावर.

मुलांच्या एका पुस्तकासाठी मला कोळीण काढायची होती. मुदत कमी होती. मी नाचाच्या कार्यक्रमांचे फोटो जमवले आणि त्यावरून चित्र केलं. घोट्यापर्यंत लुगडं, वाऱ्यावर उडणारा पदर, डोक्यावर पाटी. प्रकाशकाला फार आवडलं, पुस्तक छापून आलं. पुढच्या सुट्टीत दापोलीला गेले होते, तेव्हा प्रत पिशवीत होती. संध्याकाळी हर्णैला लिलाव बघायला गेले. तुमच्यापैकी बरेच जण गेला असाल. समोर सुवर्णदुर्ग, होड्या बाहेर नांगरलेल्या, मासळी छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर येतेय, बैलगाड्या पाण्यात उभ्या, आणि वाळूवर ढीग मांडून बोली चाललेली.

तिथे एका मावशींशी ओळख झाली. मी कौतुकानं पुस्तक उघडून दाखवलं. त्यांनी हात लुगड्याला पुसले, पान जवळ धरलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “अगो बाय, ही पाण्यात उतरायची कशी?”

मी काहीच बोलले नाही. त्यांनी स्वतःकडे बोट दाखवलं. लुगडं गुडघ्याच्या जरा खाली, पोटऱ्या उघड्या, कासोटा घट्ट. पदर उडायला मोकळा नव्हताच, कमरेभोवती घेऊन खोचलेला. मग एक गिऱ्हाईक आलं. मावशींनी कनवटीला लावलेली प्लॅस्टिकची पुरचुंडी काढली, ओल्या बोटांनी नोटा मोजल्या, उरलेल्या पुन्हा गुंडाळल्या आणि खोचल्या. दोन-चार सेकंदांचं काम. पण त्या खोचलेल्या जागेपासून पोटावर तीन आडव्या चुण्या उमटल्या आणि मांडीवर कापड ताणलं गेलं. मी चित्रात काय काय खोटं केलं होतं, ते तिथे उभ्या उभ्या दिसलं. ते पुस्तक वाचणाऱ्या मुलांना मी अशी कोळीण दाखवली होती जी गुडघाभर पाण्यात दोन पावलंही चालू शकली नसती. याचं मला आजही वाईट वाटतं. कोकणातल्या मुलाला आपली आई पुस्तकात भेटावी आणि तिचं लुगडं चुकीचं असावं, हे बरोबर नाही.

शिवलेल्या नऊवारीला मी नावं ठेवत नाही. लग्नात ती सोयीची असते. पण तिच्या निऱ्या शिलाईनं धरलेल्या असतात, त्या प्रत्येक बाईवर सारख्याच पडतात. ती काढायची तर शिवलेली म्हणून काढा.

हीच गोष्ट पावसात डोक्यावरून पाठीवर घ्यायच्या इरल्याची. भातलावणीच्या दिवसांत इरलं पाठीवर लांब का असतं? लावणी करणारं माणूस ताठ उभं राहतच नाही. बांबूच्या सांगाड्यावर पानं बसवलेलं ते छप्पर वाकलेल्या पाठीच्या मापानं केलेलं असतं. ताठ माणसाच्या अंगावर इरलं काढलंत की ते विचित्र दिसतं. माणूस वाकवलात की लगेच जागेवर बसतं. फॅशन डिझाइनचं पुस्तक उघडण्याआधी ज्यांच्या घरी असेल त्यांनी माळ्यावरचं इरलं खाली काढून बघा.

आणि असं बघून कपडे काढणं आपल्याकडे झालेलं आहे. चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर, जन्म 1867, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि तिथेच शिकवलं. ऑटो रॉथफेल्डच्या भारतीय स्त्रियांवरच्या 1920 सालच्या पुस्तकासाठी त्यांनी चित्रं काढली. कुठल्या समाजातली बाई साडी कशी नेसते, पदर कुठल्या खांद्यावर घेते, डोकं कशानं झाकते, हे त्यांनी नजरेनं टिपलं. चित्रकार दीनानाथ दलाल गोव्यातल्या मडगावचे, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरचे. त्यांच्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरच्या बायका बघा. रेषा किती थोड्या, तरी साडी अंगाला धरून आहे.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली म्हणतात. गुहागरकडच्या मुलांची एस.टी. आहे. बरं, जे कबूल केलं ते भरभर सांगते.

प्रमाण. खरं माणूस साधारण साडेसात डोक्यांइतकं उंच असतं. फॅशनच्या आकृतीत ते नऊ डोक्यांचं करतात, आणि वाढवलेली उंची बहुतेक पायांत जाते. कपडा विकायचा असेल तर नऊ ठीक. गोष्ट सांगायची असेल तर साडेसातच ठेवा. डोक्यावर पाटी असली की मान आणि कणा सरळ होतो, चालणं कमरेतून होतं. ते आधी काडीच्या आकृतीत काढा, कपडा नंतर.

चुण्या. धरलेलं ठिकाण एकच असेल तर तिथून पंख्यासारख्या पसरतात. दोन ठिकाणी धरलं असेल तर मधे झोळी पडते. कोपर किंवा गुडघा वाकला की आतल्या बाजूला नागमोडी दाटी होते, बाहेरून कापड ताणलं जातं. सगळ्या चुण्या काढू नका. ताणाच्या काढा, बाकीच्या सोडा.

पोत. खळ दिलेलं सुती लुगडं कोपरे धरतं. तेच भिजलं की पायाला चिकटतं, मग खाली पायाचा आकार काढावाच लागतो. जरीचा काठ जड, म्हणून पदराचं टोक सरळ खाली पडतं. चौकड्यांचं कापड असेल तर रेघ चुणीत शिरताना तुटली पाहिजे आणि पलीकडे सरकून निघाली पाहिजे. मुलं चौकड्या पट्टीनं मारतात, तिथेच कापड मरतं. काठ तुमचा मित्र आहे. पोटरीभोवती तो कसा वळला एवढं दाखवलंत की पाय गोल होतो.

फोनवर हजार चित्रं मिळतात, जरूर बघा. पण वहीत आठवड्याला एक खोच हवी. बाजारातली, एस.टी. स्टँडवरची, घरातली. आईला विचारून काढा, परक्या बाईला विचारल्याशिवाय काढू नका.

या टेबलावर माझ्या आजीचं लुगडं आणलंय. तुमच्या बाई नेसून दाखवायला तयार आहेत, एस.टी.ला अजून सात मिनिटं आहेत. पेन्सिली काढा. चेहऱ्याला हात लावू नका, गाठीपासून सुरुवात करा.