कोर्टाचा पेशंट आणि त्याची बिडी

नमस्कार श्रोतेहो.

येरवडा, ठाणे, नागपूर इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत काही रुग्ण न्यायालयाच्या आदेशाने येतात. कुणी खटल्याला उभं राहण्याइतका सावरलेला नसतो. कुणाला गुन्हा घडताना आपण काय करतोय याचं भानच नव्हतं, म्हणून न्यायालयाने दोषमुक्त केलेलं असतं. त्यासाठी आधी दंड संहितेचं कलम ८४ होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं कलम २२ आहे. वॉर्डात या माणसाला म्हणतात 'कोर्टाचा पेशंट'.

हा पुन्हा कुणावर हात उचलेल का, हे त्याच्याबद्दल सगळे विचारतात. विचारायलाच हवं. पण त्याचं वजन, साखर, पोट साफ होतं की नाही, याची चौकशी मागे पडते आणि मला ते फार लागतं. तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातले बरेच जण हृदयविकारासारख्या शरीराच्या आजारांनी जातात. ओलान्झापिन, क्लोझापिन या तीव्र मानसिक आजारावरच्या गोळ्यांनी भूक वाढते, वॉर्डात चालायला जागा मोजकी, आणि भेटीला आलेली आई मायेने फरसाणाचा पुडा आणते.

आता बिडीचं बघा. बिडी-सिगारेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृत क्लोझापिन भराभर निकामी करतं. हा परिणाम निकोटिनचा नाही, धुराचा आहे. तंबाखू मळून खाणाऱ्याला ही अडचण येत नाही. समजा, रोज बंडल संपवणारा माणूस बिडीबंदी असलेल्या वॉर्डात आला. डोस तोच, पण थोड्याच दिवसांत रक्तातलं औषध चढतं. झापड येते, लाळ गळते, क्वचित फिटही येते. बद्धकोष्ठता तर क्लोझापिनवर जिवावर बेतू शकते.

सुटल्यावर याच्या उलट होतं. वॉर्डात बसवलेला डोस घेऊन तो घरी येतो आणि नाक्यावर कुणीतरी बिडी पुढे करतं. गोळ्या तो आईसमोर घेतोय, तरी औषध पुरत नाही आणि कुणी नसताना ऐकू येणारे आवाज परत येतात. घरच्यांना वाटतं, गोळ्या थुंकत असणार. ज्याची सगळ्यांना धास्ती होती, ते अशा वाटेनेही घडू शकतं. म्हणून बिडीची विचारपूस हा सुरक्षेचाही भाग आहे, असं मी आग्रहाने म्हणते.

बंदी भिंतीच्या आत चालते. बाहेर त्या माणसाची इच्छाच कामी येते, आणि तिथे आरोग्य मानसशास्त्राचा उपयोग होतो. विल्यम मिलर आणि स्टीफन रॉलनिक या मानसशास्त्रज्ञांनी विकसित केलेल्या 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' या बोलण्याच्या पद्धतीत उपदेश नसतो. बदलायचं कशासाठी, हे त्या माणसाच्याच तोंडून येऊ द्यायचं असतं.

"दादा, बिडीने काय बरं वाटतं?"

"वेळ जातो, मॅडम."

इथे कर्करोगाची भीती घालू नये. "पूर्वी वेळ कशात जायचा?" असं विचारावं. भजन, शेतातलं काम, काहीतरी निघतंच. मग वॉर्डात त्याला वाव करून द्यायचा.

एक अडचण मात्र खरी आहे. आपलं बोलणं फाइलमध्ये जाणार आणि त्यावर सुटका ठरणार, हे रुग्णाला ठाऊक असतं. मग तो विचारणाऱ्याला आवडेल तेच बोलतो. त्यामुळे काय लिहिलं जाईल आणि काय नाही, हे बसल्या बसल्याच त्याला सांगायला हवं. हे टाळलं तर पुढचं सगळं बोलणं वाया जातं.

शरीराच्या आणि मनाच्या आजाराला सारखीच वागणूक मिळावी, असं २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. तेव्हा तुमच्या घरचं कुणी अशा वॉर्डात असेल, तर भेटीच्या दिवशी वजन आणि साखर कधी तपासली हे बेलाशक विचारा. घरी सोडताना मिळणाऱ्या कागदावर गोळ्यांबरोबर बिडीचीही नोंद करून घ्या. पुढे त्याने बिडी सुरू केली किंवा सोडली, दोन्ही वेळा डॉक्टरांना लगेच कळवा. डोस मात्र आपल्या मनाने कमी-जास्त करू नका.