फुलाभोवती कात्री

मंडळी, गोधडी शिवणाऱ्या घरांत कापडाची चिंधीसुद्धा वाया जात नाही. त्यामुळे नेमकं एक फूल हवं म्हणून अख्ख्या कापडाच्या मधोमध कात्री घालायची, असं म्हटलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली: ही कसली उधळपट्टी! माझ्या मते ही उधळपट्टी नाहीच. या कामाचा एक इतिहास तर काटकसरीचाच आहे.

अठराव्या शतकात आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरची रंगीत चीट, म्हणजे नक्षीदार सुती कापड, युरोपात इतकी खपत होती की तिथले विणकर धास्तावले. १७२१ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये छापील सुती कापड वापरायलाच बंदी आली. ती उठली १७७४ मध्ये. असं कापड हाती आलं, तर त्याचं चीज कसं करायचं? बायका त्यातले पक्षी, फुलं, वेली कडेकडेने कातरायच्या आणि साध्या पांढऱ्या कापडावर विरळ मांडून शिवायच्या. थोड्या चिटीत पलंगभर बाग फुलायची.

इंग्लंडमधल्या चॉटन गावी कादंबरीकार जेन ऑस्टिनच्या घरात एक पलंगपोस जपून ठेवला आहे. जेन, बहीण कॅसँड्रा आणि आई, तिघींनी मिळून तो शिवला. मधोमध मोठ्या शंकरपाळ्याच्या आकाराच्या तुकड्यात फुलांची परडी, भोवती लहान शंकरपाळे, मध्ये ठिपक्यांच्या पट्ट्या. मे १८११ च्या पत्रात जेन बहिणीला विचारते, तुकडे जमवायचं लक्षात आहे ना, आमचं काम अडलंय. मला हे पत्र फार आवडतं. कोणतीही चिंधी चालणार असती, तर काम अडलं असतं का?

आता हाताकडे वळू. जाड पुठ्ठ्यात तुकड्याच्या तयार मापाची खिडकी कापा आणि भोवती पाव इंचाची चौकट ठेवा. खिडकीत दिसेल तेच गोधडीत दिसणार; चौकटीखालचं शिलाईत जाणार. नवख्या हातून इथेच घोटाळा होतो: फूल कडेपर्यंत घेतात आणि पाकळ्या शिलाईत गिळल्या जातात. षटकोनी तुकड्यांचं फूल करायचं आणि सहाही पाकळ्यांवर एकच कळी हवी, तर ती कळी कापडात सहा वेळा हवी. दुकानातच मोजा.

नक्षी सरळ बसवायला हा पुठ्ठ्याचा साचा फिरवला की कड उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी, होते. उरेब कड ताणते. तुकडा ज्या कागदावर दुमडता, तो आतला कागद कच्च्या टाक्यांनी धरून ठेवा, शेजारचे सगळे तुकडे जोडल्याशिवाय काढू नका.

जुन्या साडीची बुट्टी घेणार असाल, तर आधी कापड उजेडासमोर धरा. विरलेल्या जागेवरची बुट्टी कितीही देखणी असली तरी सोडा, टाका तिथे टिकणार नाही. आणि भोकं पडलेलं उरलेलं कापड? त्यातून पट्ट्या निघतात. त्या शंकरपाळ्यांच्या मध्ये लावा.