एक देह, दोन दाखले
(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मंडळी, पत्रिकेवर विषय 'सोळाव्या ते अठराव्या शतकातील युरोपीय स्त्रीजीवन' असा सोज्वळ छापलाय. मी कळवलेल्या मथळ्यात 'लैंगिकता' होती. ती मधल्या मधे कुठे गळाली, ते विचारत नाही. पहिल्या रांगेतले चेहरे बघून अंदाज येतोय. असो. दारं उघडी आहेत, मी हजेरी घेणार नाही.

माझं म्हणणं एवढंच, की त्या काळच्या कायद्याला बाईच्या वासनेपेक्षा तिने पुरुषाची जागा घेण्याची धास्ती जास्त होती. पुरावे देते. पण आधी एलेना दे सेस्पेदेस सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

जन्म साधारण १५४५, स्पेनमध्ये ग्रानादाजवळच्या आल्हामाला. आई आफ्रिकन गुलाम, म्हणून हीही गुलाम. पुढे मुक्त झाली. पंधरा-सोळाव्या वर्षी एका गवंड्याशी लग्न लागलं आणि ती गरोदर असतानाच गवंडी पसार. मुलगा झाला, तो दुसऱ्यांच्या घरी ठेवला. मग शिवणकाम. मग अंगावर पुरुषी कपडे आणि नाव एलेनो, तेव्हा मीही आता 'तो'च म्हणते. ग्रानादाजवळच्या आल्पुहारा डोंगरात सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुस्लिमांनी बंड केलं, त्या लढाईत तो शिपाई होता, नंतर शस्त्रवैद्य झाला. बिनपरवाना धंदा करतो अशी तक्रार झाली, तर पठ्ठ्याने रीतसर परवाने काढले, तेही दोन: एक रक्त काढण्याचा नि रेच देण्याचा, दुसरा शस्त्रक्रियेचा. आमच्या गल्लीतल्या काही डॉक्टरांबद्दल मला एवढी खात्री नाही.

१५८६ साली मारिया देल कान्योशी लग्न ठरलं. शंका आली ती चर्चच्या अधिकाऱ्याला. नवरदेवाला दाढी नाही! तपासायला कोण, तर फ्रान्सिस्को दियास, खुद्द राजा दुसऱ्या फिलिपच्या पदरचा वैद्य, मूत्रविकारांवर ग्रंथ लिहिणारा. म्हणजे अवयव त्याच्या रोजच्या ओळखीचा. त्याने दाखला दिला: पुरुष. बार उडाला. पुढच्याच वर्षी ओकान्या गावात एलेनोला अटक, प्रकरण तोलेदोच्या इन्क्विझिशनकडे, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाकडे. त्याच दियासने तोच देह पुन्हा तपासला आणि सांगितलं: बाई. मग आधीचा दाखला? तो म्हणे सैतानाने दृष्टिभ्रम केला असणार, नाहीतर काहीतरी सूक्ष्म कारागिरी. आपल्याकडे निदान 'सर्व्हर डाउन होता' म्हणतात.

एलेनोचं स्वतःचं म्हणणं वेगळंच. बाळंतपणात मला पुरुषाचं अंग फुटलं, आजारपणात ते गेलं. अशी माणसं निसर्गात असतात, असं म्हणून तो थेट प्लिनीचा, म्हणजे प्राचीन रोमन निसर्गलेखकाचा, हवाला देतो. गुलामाच्या पोटचा माणूस कोर्टात प्लिनी काढतो! कोर्टाने शेवटी धरलं काय, तर पहिला नवरा मेल्याची खात्री न करता दुसरं लग्न केलं. २०० फटके आणि १० वर्षं इस्पितळात बिनपगारी चाकरी. पुढची गंमत ऐका. या वैद्याकडून उपचार करून घ्यायला इतकी झुंबड उडाली, की इस्पितळाच्या व्यवस्थापकानेच अर्ज केला: कृपया याला इथून हलवा.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, पळते.

पवित्र रोमन सम्राट पाचव्या चार्ल्सच्या, मुख्यतः जर्मन प्रदेशांसाठीच्या, १५३२च्या कायद्यात स्त्रीने स्त्रीशी संग केल्यास जाळण्याची शिक्षा आहे. प्रत्यक्षात काय होई? इटलीत पेशा नावाच्या गावातल्या मठाची प्रमुख बेनेदेत्ता कार्लिनी, तिच्या सहनिवासिनीनेच दोघींच्या संगाची साक्ष दिली; १६२३ला चौकशी संपली, पुढे आयुष्यभर कैद, पण जीव राहिला. प्रशियात हाल्बरश्टाटला कातारिना लिंक पुरुष म्हणून वावरली, लग्न केलं. १७२१ला तिचं डोकं उडवलं, बायकोला तीन वर्षं कैद आणि हद्दपारी. अंथरूण एकच, शिक्षा दोन. नवरा झालेलीचा गुन्हा मोठा. इंग्लंडात १७४६ला मेरी हॅमिल्टनलाही नवरा होऊन नांदल्याबद्दलच चार गावांत फटके बसले, सहा महिने कैद, तीही भटकेपणाच्या कायद्याखाली. सुखाशिवाय गर्भ राहत नाही या वैद्यकीय समजुतीने बलात्कारितेची संमती कशी 'सिद्ध' केली जाई, तो मुद्दा राहिला. वास्तविक तोच तासभराचा होता.

शेवटचं. गोव्यातल्या इन्क्विझिशनचं, १५६० ते १८१२चं, बहुतेक दप्तर नष्ट झालं. पण १६२३ पर्यंतच्या सुमारे ३,८०० खटल्यांची यादी लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यात बायका कोणत्या कलमांखाली आहेत, हे मराठीत कुणीतरी मांडायला हवं. पोर्तुगीज वाचता येणारं कुणी इथे असेल तर चहाच्या वेळी मला गाठा. अध्यक्ष उभे राहिले, मी बसते.