डब्यावरची बारीक अक्षरे

सरपंचताई, आशाताई आणि भर हंगामात वेळ काढून आलेले कास्तकार बंधू, पत्रिकेवर माझा विषय ‘विषबाधा आणि प्रथमोपचार’ असा छापला आहे, आणि त्याकडे मी येणारच आहे. परंतु विषबाधा माहिती केंद्रात फोनवर बसणारी परिचारिका म्हणून माझी एक तक्रार आहे, ती आधी ऐकून घ्यावी.

फोन उचलल्यावर रुग्ण शुद्धीवर आहे का, श्वास कसा चालला आहे, हे विचारून झाले की आम्ही विचारतो, “पोटात काय गेले?” त्यावर उत्तर येते, “थे पांढरं औषध हाय ना, लय वास मारते.” पांढरी औषधे पुष्कळ आहेत आणि वासाला कोणीच मागे नाही. कोणी सांगतो की डब्यावर लाल खूण आहे. ती खूण विष किती जहाल आहे एवढेच सांगते, ते कोणत्या जातीचे आहे हे सांगत नाही; आणि उपचार ठरतो तो जातीवरून.

एका रात्री यवतमाळकडच्या एका गृहस्थांचा फोन आला. भावाने तणनाशक प्यायले होते. मी डबा वाचायला सांगितला, तेव्हा त्यांनी मोठ्या अक्षरांतले कंपनीचे नाव वाचले, मालाचे नाव वाचले, मग किंमत वाचली आणि किंमत वाचताच दुकानदाराने जास्त पैसे घेतल्याचे लक्षात येऊन ते माझ्याकडेच त्याची तक्रार करू लागले. (हसू नका, घाबरलेला माणूस हाती लागेल ते वाचतो.) शेवटी त्यांच्या शाळकरी मुलीने खालची बारीक इंग्रजी अक्षरे एकेक करून सांगितली: पॅराक्वाट डायक्लोराईड, २४ टक्के. गृहस्थ म्हणत होते, “सिस्टर, थो तं बोलून राह्यला, तोंडच जळते म्हणते, सकाळी नेतो.” पॅराक्वाटचा धोका नेमका येथेच आहे, माणूस पहिल्या दिवशी बोलतो, चालतो, आणि मूत्रपिंडे व फुप्फुसे पुढच्या काही दिवसांत निकामी होत जातात. त्यावर उतारा नाही. त्या मुलीने नाव वाचले नसते, तर सकाळची वाट पाहण्याला मी तरी कोणत्या आधाराने विरोध केला असता? ते रात्रीच निघाले. पुढे काय झाले ते फोनवरच्या माणसाला सहसा कळत नाही.

म्हणून उरलेले औषध थंड पेयाच्या बाटलीत ओतून मूळ डबा फेकून देण्याची आपली सवय मला सर्वांत घातक वाटते. २०१७ च्या खरिपात याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना माणसे दगावली, तेव्हा दोन-तीन औषधे एकत्र कालवण्याची चर्चा खूप झाली. अशा मिश्रणाचे तर सगळेच डबे दवाखान्यात न्यावे लागतात.

अध्यक्ष घड्याळ दाखवत आहेत, म्हणून प्रथमोपचार भराभर सांगते. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. रॉकेल पोटात गेले असेल तर मुळीच नाही, कारण ओकताना ते फुप्फुसात उतरते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, त्याला कुशीवर वळवावे. फवारणीत अंग भिजले असेल तर कपडे काढून साबणाने धुवावे. लाळ, घाम आणि डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या दिसल्या तर ते बहुधा ऑर्गनोफॉस्फेट जातीचे कीटकनाशक असते. त्यावर ॲट्रोपिन हे औषध आहे, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. आधी १०८ ला फोन करून गाडी मागवावी आणि ती येईपर्यंत दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राच्या १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर, डबा हातात धरूनच, बोलावे.