कागदावर आधी उभं राहिलेलं व्हीटी

(पडद्यावर: जलरंगातलं चित्र. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

हे व्हीटी, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. मुंबईत एकदाच येऊन गेलेला माणूससुद्धा ओळखेल. खाली रस्त्यावरची वर्दळ, वर आभाळात चढत गेलेला घुमट. पण चित्राचं साल बघा, १८७८. त्या साली बोरीबंदरला यातलं काहीच नव्हतं. बांधकामाला नुकता कुठे हात लागत होता.

चित्र काढलं अ‍ॅक्सेल हेग यांनी. मूळचे स्वीडनच्या गॉटलंड बेटावरचे, काम लंडनमध्ये. न बांधलेल्या इमारती बांधल्यासारख्या दाखवणं, हे त्यांचं कसब. प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन, म्हणजे इमारत वरून, समोरून आणि कापून दाखवणारे नकाशे, हे गवंड्याला पुरतात. ज्याच्या खिशातून पैसे जायचे असतात, त्याला मात्र डोळ्यांनी इमारत बघायची असते. मग हेगसारख्या चित्रकाराने कोन निवडायचा, ऊन कुठून पडतंय ते ठरवायचं, आणि उंची कळावी म्हणून पायथ्याशी चार माणसं सोडायची.

आज बिल्डरच्या होर्डिंगवर असतं ना, 'कलाकाराच्या कल्पनेतून'? तेच हे. फरक एवढाच, की इथे दाखवलं ते जवळजवळ तसंच बांधून मिळालं!

(पडद्यावर: आजची इमारत, समोरून.)

आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा. तेव्हा त्यांचं वय जेमतेम तीस. पैसा ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा. याच बोरीबंदरहून १६ एप्रिल १८५३ ला ठाण्याची पहिली गाडी सुटली होती, तीच ही कंपनी. काम दहा वर्षं चाललं आणि खर्च सोळा लाखांच्या वर गेला. १८८७ हे राणीच्या कारकिर्दीचं पन्नासावं वर्ष, म्हणून नाव व्हिक्टोरिया टर्मिनस. स्टीव्हन्स यांच्या हाताखाली सहायक अभियंता होते सीताराम खंडेराव वैद्य. व्हीटीच्या गोष्टीत हे नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून मुद्दाम घेतलं.

(पडद्यावर: दगडी कोरीवकाम, अगदी जवळून.)

आता हे बघा. पिसारा सांभाळून बसलेला मोर. पानांच्या वेलबुट्टीत दडलेलं माकड. इतकं बारीक काम लांबून रंगवलेल्या चित्रात कुठून येणार? दर्शनी भागावरचं पुष्कळसं नक्षीकाम बॉम्बे स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचं. म्हणजे आपलं जेजे, इथून चालत पाच-दहा मिनिटांवर. लंडनच्या कागदावर टोकदार गॉथिक कमानी होत्या. त्यांच्यावर आपली पाखरं-जनावरं बसवली ती इथल्या पोरांनी.

फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. रोज लाखो माणसं यांच्या अंगावरून जातात, पण ८.१२ ची गाडी पकडायची असताना वर कोण बघतंय?

(पडद्यावर: घड्याळ, मग त्याखालचा कोनाडा.)

घड्याळाखालच्या या कोनाड्यात राणीचा पुतळा होता. स्वातंत्र्यानंतर तो हलवला. स्टेशनचं नावही १९९६ साली बदललं, पुढे २०१७ मध्ये त्यात 'महाराज' आलं. टॅक्सीवाल्याला मात्र अजून 'व्हीटी' म्हटलं तरी पुरतं.

हेग यांच्या चित्रासारखी अख्खी इमारत एका नजरेत हवी असेल, तर महापालिकेसमोरच्या सेल्फी पॉइंटवर जा. संध्याकाळी, दगडावर पश्चिमेचं ऊन असताना. मोबाइल उभा धरा. घुमट येईल, कमानी येतील, आणि खाली, हेग यांनी माणसं सोडली होती तिथे, सिग्नलला थांबलेली बेस्टची लाल बस.