लांबून नवा, आतून टक्कल: टायर एका कडेनं का घासतो?

नमस्कार मंडळी. आज स्टुडिओबिडिओ काही नाही. जुळे सोलापूरला माझ्याच दारात बसलोय, गाडी जॅकवर चढवलीय आणि हा पुढचा डावा टायर तुमच्यासमोर आहे. इथून बघा. काय वाईट आहे ह्यात? खाचा खोल, बाहेरची कड शाबूत. कुणीही म्हणेल, अजून वर्षभर आरामात चालेल.

आता आतून बघा.

(चाकाच्या मागे वाकून, उजेड पाडत)

दिसलं? आतल्या कडेला बोटभर पट्टा असा गुळगुळीत, की हात घसरतो. अजून थोडी चालवली असती तर तार बाहेर आली असती.

मला हे कळलं कसं? तुळजापूरला निघालो होतो, वाटेत पंक्चर. पंक्चरवाल्यानं चाक काढलं, उलटं टाकलं आणि म्हणाला, "मालक, टायर गेला की ओ." मी त्याच्याशी भांडायलाच उठलो. म्हटलं, दोन महिन्यांपूर्वी अलाइनमेंट केलंय, कॉम्प्युटरचा कागद गाडीत आहे, सगळं हिरवं आहे त्याच्यावर! तो काही बोलला नाही. फक्त टायर माझ्याकडं सरकवला. अलाइनमेंट म्हणजे मशीनवर चाकांचे कोन मोजून जुळवणं; कागदावर हिरवं म्हणजे कोन ठीक, लाल म्हणजे चुकलेला. तर कागद हिरवा असताना टायर टकला कसा झाला, हा आजचा विषय.

आधी एक सोपी गोष्ट. आतली कड बघायला जॅक लागत नाही. गाडी सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि इंजिन बंद करा. चाक कमानीतून बाहेर डोकावतं, मोबाईलचा उजेड मारून आतल्या कडेवर बोट फिरवता येतं. मी वर्षानुवर्षं हवा बघितली, टायर धुतले, पॉलिशसुद्धा मारलं. हे एवढं मात्र कधी केलं नाही.

आता बोट फिरवल्यावर काय लागतं ते सांगतो. टायरवर आडवा हात फिरवायचा, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. एका दिशेला हात सरळ जात असेल आणि उलट फिरवल्यावर खोबऱ्याच्या किसणीसारखं टोचत असेल, तर ते टो बिघडल्याचं लक्षण. टो म्हणजे काय? वरून बघितलं तर दोन्ही पुढची चाकं समोर किती सरळ बघतात ते. फेंगडं चालणारा माणूस बघा, त्याच्या चपला कायम एकाच कडेनं झिजतात. गाडीचंही तसंच. चाकं पुढून बाहेर फाकली तर आतल्या कडा जातात, आत वळली तर बाहेरच्या. चपला नव्या घेतल्यानं चाल थोडीच बदलते?

लोकांना वाटतं, दोन-तीन मिलिमीटरनं काय होतंय. चला, हिशेब करू. चौदा इंची डिस्क आहे, म्हणजे टायर जिच्यावर बसतो ती रिम, आणि डिस्कच्या कडेवर मोजलेला टो दोन्ही चाकं मिळून 3 मिलिमीटरनं चुकलाय असं धरा. म्हणजे एका चाकाच्या वाट्याला दीड. डिस्क साधारण 356 मिलिमीटरची. दीडला 356 नं भागा, म्हणजे एक किलोमीटर पुढं जाताना ते चाक साधारण चार मीटर आडवं जायला बघतं. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर. पुण्यात पोचेपर्यंत तुमचा टायर जवळपास एक किलोमीटर आडवा फरफटला! ढोबळ हिशेब आहे, रबर थोडं लवचिक असतं, पण वाटेत मोहोळ, टेंभुर्णी करत तुम्ही काय काय घासत चाललाय ते कळलं ना?

दुसरा प्रकार कॅम्बर. समोरून बघितलं तर चाक उभं आहे की डोकं आत किंवा बाहेर कललंय, ते. ह्यात एकच कड झिजते, पण किसणी लागत नाही, सगळं गुळगुळीत. आणि इथं एक गोष्ट दुकानात सहसा कुणी उलगडून सांगत नाही. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये अलाइनमेंट म्हणजे पुढच्या चाकांचा टो सेट करणं. बस्स. कॅम्बर फिरवायची सोयच नसते, असली तर बोल्टच्या खेळापुरती. मागच्या चाकांचंही बहुतेक छोट्या गाड्यांत तसंच. मग कागदावर कॅम्बर लाल आला तर? तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय. तिथं पाना फिरवून उपयोग नाही, तो पार्ट शोधायचा.

कॅस्टर म्हणून तिसरा एक कोन असतो. त्यानं टायर फारसा खात नाही, स्टिअरिंग वळणानंतर सरळ येणं आणि गाडी ओढणं ह्याच्याशी त्याचा संबंध. तो आज सोडून देऊ.

माझ्या गाडीत काय होतं? लोअर आर्मचा बुश. लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, आणि बुश म्हणजे त्याच्या सांध्यातला रबराचा तुकडा. तो फाटलेला. आता गंमत बघा. मशीन उभ्या गाडीचं माप घेतं. उभ्या गाडीत आर्म आपल्या जागेवर बसलेला, सगळे आकडे बरोबर, कागद हिरवा. रस्त्यावर ब्रेक मारला की तो आर्म फाटक्या बुशात मागं सरकायचा आणि चाक बाहेर फाकायचं. प्रत्येक ब्रेकला थोडी थोडी आतली कड खरवडली जात होती. अलाइनमेंट करणाऱ्यानं गाडीखाली डोकावून बघायला हवं होतं. त्यानं नाही बघितलं, आणि मी पण विचारलं नाही.

म्हणून अलाइनमेंटला गेलात की मशीन लावायच्या आधीच सांगा: "आधी खालचं बघा." चाक वर उचलून घड्याळात 9 आणि 3 वाजतात तिथं धरायचं आणि हलवायचं. खडखड झाली तर टाय रॉड एंड बघायचा, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडतो तो सांधा. 12 आणि 6 ला धरून हललं तर बॉल जॉइंट, म्हणजे आर्म आणि चाकाचा सांधा, नाहीतर चाक ज्यावर फिरतं ते बेअरिंग. बुशला पहार लावून बघावं लागतं. हे सगळं दहा मिनिटांचं काम. ढिला पार्ट तसाच ठेवून केलेलं अलाइनमेंट म्हणजे पैसे वाया. मशीनमध्ये तुमच्याच गाडीचं मॉडेल निवडलंय का तेही बघा, हसू नका, चुकीचं मॉडेल निवडलेलं मी डोळ्यानं बघितलंय. सगळ्यात आधी चारही टायरची हवा कंपनीच्या आकड्याप्रमाणे हवी, आणि काम झाल्यावर आधीचे आणि नंतरचे, दोन्ही आकडे असलेला कागद मागून घ्या.

हे पार्ट जातात कशानं? आपल्याकडची जमीन काळी माती. पावसात फुगते, उन्हात आक्रसते, भेगा पडतात, आणि वरचा रस्ता लाटेसारखा होतो. त्यात उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या त्याच रस्त्यावरून. पाण्यानं भरलेला खड्डा किती खोल आहे ते चाक आत गेल्यावरच कळतं. आणि सात रस्त्याला गर्दीत फुटपाथवर चाक चढवून गाडी लावणारे, तुम्हाला पण सांगतोय काय बे! तो एक धक्का टो बिघडवायला पुरे.

आता हवेकडं येऊ, कारण दर घासण्याला अलाइनमेंटच जबाबदार नसतं. मधला पट्टा झिजला आणि दोन्ही कडा चांगल्या, तर हवा कायम जास्त. दोन्ही कडा झिजल्या, मधला चांगला, तर हवा कमी. सोलापुरात हा दुसरा प्रकार भरपूर दिसतो आणि त्याचं कारण एक गैरसमज आहे. मे महिन्यात पारा 42-43 वर गेला की प्रत्येक पंपावर कुणीतरी शहाणा सांगतो, "उन्हाळा आहे, हवा कमी ठेवा, टायर फुटेल." बरोबर उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त दबते, फिरताना सारखी मुडपते, आणि त्या मुडपण्यानंच टायर तापतो. हायवेवर तापून फुटणाऱ्या टायरांत कमी हवेचे टायर फार असतात.

तापमान दहा अंशांनी वाढलं की हवा साधारण 2 पीएसआयनं वाढते. सकाळी थंड टायरमध्ये 33 भरली आणि दुपारी अक्कलकोटहून आल्यावर 38 दिसली, तर घाबरायचं काही नाही. कंपनीनं थंड टायरचा आकडा देताना ही वाढ धरलेली असते. तिथं तुम्ही काढून 33 केली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी 28 भेटेल. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर स्टिकर असतो, तो आकडा बघा आणि सकाळी, गाडी फिरवायच्या आधी भरा.

अजून एक प्रकार आहे, जो फसवतो. टायरवर ठरावीक अंतरानं खळगे पडतात, वाटीच्या आकाराचे. ह्याला बहुतेक वेळा शॉकअप कारणीभूत. शॉकअप गेला की चाक रस्त्यावर नुसतं उड्या मारतं आणि जिथं आपटतं तिथलं रबर खातं. चालवताना घूंऽऽ असा आवाज येतो, थेट बेअरिंग गेल्यासारखा. माझ्या मित्रानं बेअरिंग बदललं, आवाज तसाच. मग टायर पुढचे मागं केले, तर आवाज पण मागं गेला. बेअरिंगच्या पैशात बिचाऱ्याचा शॉकअपचा निम्मा खर्च निघाला असता.

आणि बॅलन्सिंग वेगळं, अलाइनमेंट वेगळं. ऐंशी-शंभरच्या वेगात स्टिअरिंग थरथरतं, ते आधी बॅलन्सिंगमध्ये शोधा, म्हणजे डिस्कला वजनं लावतात ते. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं धरावं लागतं, गाडी एका बाजूला ओढते, ते अलाइनमेंट. गाडी किंचित डावीकडं जात असेल तर लगेच धावू नका. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्यालाच डावीकडं उतार असतो. जोरात ओढत असेल तर पुढचे दोन टायर आपसात बदलून बघा. मात्र टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर हा प्रयोग करू नका. ओढ बाजू बदलून आली तर दोष टायरमध्येच.

टायर कधी काढायचा? खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, 1.6 मिलिमीटरचे. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला, कायद्यानं पण. हे आतल्या कडेलाही लागू. मधे पाच मिलिमीटर आहे म्हणून आतली टक्कल माफ होत नाही. आणि घासलेलं रबर कुठल्याही अलाइनमेंटनं परत येत नाही, पुढचं घासणं तेवढं थांबतं.

माझं म्हणाल तर दोन्ही बाजूंचे बुश बदलले, मग नवे टायर, मग अलाइनमेंट, ह्याच क्रमानं. दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायर पुढं-मागं फिरवायचे, तेव्हा आतली कडही आपोआप नजरेखालून जाते. हा टकला टायर मी टाकून देणार होतो, पण पंक्चरवाल्यानं मागून घेतला. आता तो त्याच्या दुकानाबाहेर आतली बाजू पुढं करून टांगलाय, आणि भांडायला आलेल्या गिऱ्हाइकाला तो काही न बोलता नुसतं बोट दाखवतो.