काळ्या मातीखालचा कातळ: कोल्हापुरात शीटपाइल

(दृश्य: पंचगंगेचा काठ, राजाराम बंधारा)

राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 वर गेलं की धोका. हे आकडे कोल्हापूरकराला पाठ असतात. पण नदी पात्रात असतानाही काठच्या सखल भागात जमिनीखाली पाणी असतंच. अशा जागी बेसमेंट खणायचं, शेजारी जुनं विटा-मातीचं घर, आणि उतार देऊन खणायला जागा नाही. इथे पोलादी शीटपाइल कामाला येतात, म्हणजे एकमेकांत ओवून जमिनीत उभे रोवायचे लांब पत्रे, ज्यांची भिंत माती अडवते.

(दृश्य: ट्रेलरवरून उतरणारे नग)

यू आकाराचा हा नग 400 मिलिमीटर रुंद, मीटरला 60 किलो. 9 मीटरचा एक नग 540 किलोंचा. दहा मीटर भिंतीला 25 नग लागतात, एकाची खाच दुसऱ्याच्या खाचेत ओवलेली.

आधी जमिनीवर दोन आडवे गर्डर बांधायचे आणि त्यांच्यामधून नग सोडायचे. पहिला नग दोन्ही बाजूंनी ओळंब्यात हवा. प्रत्येक नगाला एका खाचेत घर्षण होतं, दुसरी बाजू मोकळी असते, म्हणून रांग हळूहळू पुढे कलते. त्यासाठी आठ-दहा नग एकत्र उभे करून टप्प्याटप्प्यानं खाली न्यावेत. व्हायब्रो हॅमर, म्हणजे नगाला थरथरवून खाली नेणारं यंत्र, ओल्या वाळूत झपाट्यानं चालतो, चिकट काळ्या मातीत रखडतो. जुन्या भिंतीलगत तर तो नकोच. तिथे हायड्रॉलिक दाबानं नग रोवावेत.

खरी अडचण पायाशी आहे. काळ्या मातीखाली मुरूम, त्याखाली बसाल्टचा कातळ. कातळात नग शिरत नाही. तरी ठोकत राहिलं तर टोक मुडपतं, खाच फाटते, आणि वरून काहीच कळत नाही. नग उतरायचा थांबला की हॅमर थांबलाच पाहिजे. एकाच प्लॉटवर कातळ वरखाली असतो, म्हणून भिंतीच्या ओळीवर दर पाच मीटरवर तरी बोअर घ्यावा. तो खर्च वाचवणं सगळ्यात महागात पडतं.

(दृश्य: खड्ड्याचा तळ, पंप)

शीटपाइलचा पाय नुसता कातळावर टेकलेला असेल, तर खणताना तो आत सरकतो. म्हणून वेलर (भिंतीलगतचे आडवे गर्डर) आणि स्ट्रट (त्यांना रेटून धरणारे आडवे टेकू) वेळेत बसवायचे, एक रांग तळाजवळ. पायाशी मातीचा बांध शेवटपर्यंत ठेवायचा. मग एक सोडून एक, दोन-दोन मीटरचे तुकडे उघडायचे, कातळात सळया रोवायच्या आणि काँक्रीटचा पट्टा ओतायचा.

पंपाचं पाणी बघत राहा. स्वच्छ आलं तर ठीक. गढूळ आलं तर टोकाखालच्या फटीतून शेजाऱ्याच्या पायाखालची माती येते आहे. अशा वेळी पंप जोरात चालवू नका. तिथे वाळू-खडीची पोती रचा. माती अडते, पाणी निघतं.

तळाचा स्लॅब झाला म्हणून पंप लगेच बंद करता येत नाही. बाहेर तीन मीटर पाणी असेल तर ते दर चौरस मीटरला तीन टनांनी वर रेटतं, आणि 40 सेंटीमीटरचा स्लॅब भरतो जेमतेम एक टन. वरच्या मजल्यांचं वजन बसेपर्यंत पंप चालू, आणि जोडीला एक जनरेटर तयार.